पायाला नव्या रक्तवाहिन्या हव्यात, डोळ्याला नकोत: वनस्पतींच्या अर्कांबद्दल विचारायचं आहे

काठापदर | १६ फेब्रुवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. थोडा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय माझा प्रश्न कळणार नाही.

माझे बाबा ६३ वर्षांचे. सगळी हयात सोलापुरात अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग कारखान्यात जॉबर म्हणून गेली. साखर १५ वर्षांपासून. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांमागे अनवाणी चालायचं हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. यंदाही बाराबंदी घालून ६८ लिंगांच्या वाटेवर चालले. रात्री घरी आले तेव्हा उजव्या अंगठ्याच्या खाली फोड फुटलेला होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. सकाळी चादरीवर डाग दिसला म्हणून मला कळलं. आज पाच आठवडे झाले. दहाच्या नाण्याएवढी जखम आहे, ना वाढत ना भरत. घराजवळच्या दवाखान्यात एक दिवसाआड ड्रेसिंग चालू आहे.

दुसरं दुखणं डोळ्याचं. गेल्या वर्षापासून डाव्या डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं की पडद्यावर नको तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या थांबवण्यासाठी हे औषध आहे.

आता परवा काका एक बाटली घेऊन आले. वनौषधींचा अर्क, सकाळ-संध्याकाळ दोन चमचे. बाटलीवर लिहिलंय, 'रक्तवाहिन्यांच्या पेशींची वाढ करतो, जुनाट जखमा भरून काढतो.' त्यात अश्वगंधा, हळद, मंडूकपर्णी, कोरफड, गुळवेल अशी नावं आहेत, प्रमाण कुठेच नाही. त्याच दिवशी घरच्या ग्रुपवर एक मजकूर आला की हळद आणि अश्वगंधा रक्तवाहिन्यांची वाढ थांबवतात म्हणून कॅन्सरवर चालतात.

मी बीएस्सी वनस्पतिशास्त्र केलंय, पण इथे माझं डोकं चालेना. एकच वनस्पती वाढवते की थांबवते? आणि वाढवत असेल तर ती पोटात गेल्यावर फक्त पायात वाढवेल, डोळ्यात नाही, हे कोण बघणार? आणखी एक मनात घोळतंय, डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नाही: डोळ्यातल्या इंजेक्शनमुळेच तर पायाची जखम अडकली नसेल ना?

बाटली अजून उघडलेली नाही.

सत्तरफुटी | १६ फेब्रुवारी, रात्री १०:४०

ताई, इतका विचार कशाला करताय. आमची आजी दगडीपाला हातावर चोळून जखमेवर पिळायची, रक्त तिथल्या तिथे थांबायचं आणि आठवड्यात खपली पडायची. शेतात खुरपं लागलं की हेच. निसर्गाने दिलेल्या गोष्टीला कधी अपाय नसतो.

ओपीडी_१४ | १६ फेब्रुवारी, रात्री ११:०५

काठापदर ताई, मी जनरल सर्जन आहे. बाटली उघडली नाहीत ते बरं केलंत. सविस्तर उद्या लिहितो, आज एवढंच विचारतो: पाच आठवड्यांत कोणी बाबांच्या पायाची नाडी हाताने तपासली का? पायाचा एक्स-रे झाला का? डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघणारी सोनोग्राफी? आणि ते त्या पायावर चालतात का? जखमेला वास, पायाला सूज, ताप, लाली यांतलं काहीही असेल तर उद्याची वाट पाहू नका, रात्रीच दाखवा.

काठापदर | १६ फेब्रुवारी, रात्री ११:१८

ताप, वास, सूज नाही. नाडी कुणी बघितल्याचं आठवत नाही. एक्स-रे, डॉप्लर नाही. आणि हो, चालतात. कारखान्यात ४० वर्षं उभे राहिलेत, त्यांना बसवत नाही.

पेट्रीडिश | १७ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

मी मूळची बाळीवेशीतली, आता पुण्यात ह्याच पेशींवर काम करते. डॉक्टरांचे प्रश्न आधी मार्गी लावा. तोवर मी प्रयोगशाळेतली बाजू सांगते, कारण 'पेशींची वाढ करतो' हे वाक्य बाटलीवर येतं ते आमच्या खोल्यांमधून, आणि ते तिथून कसं निघतं हे लोकांना कळायला हवं असं मला फार वाटतं.

रक्तवाहिनीच्या आत एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. मोठ्या माणसात ह्या अस्तरपेशी एरवी शांत बसलेल्या असतात. कुठे जखम झाली, ऑक्सिजन कमी पडला, की तिथून व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सुटतं. ती हाक असते. हाकेला ओ देऊन अस्तरपेशी विभागतात, त्या दिशेने सरकतात आणि नवी केशवाहिनी उभी राहते. ऑक्सिजन कमी पडल्याचं पेशीला मुळात कळतं कसं, हे उलगडणाऱ्या तिघांना २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. आणि कॅन्सरच्या गाठीलाही वाढायला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, त्या रोखल्या तर गाठ उपाशी राहील, हा विचार जुडा फोकमन या अमेरिकन सर्जनने १९७१ मध्ये मांडला. पुढे व्हीईजीएफला अडवणारं बेव्हासिझुमॅब २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत मंजूर झालं. डोळ्यात देतात ती इंजेक्शनं ह्याच कुळातली.

बाबांच्या शरीरात दोन ठिकाणी दोन उलट गोष्टी चालल्यात. डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक वाहिन्या साखरेने बंद पडल्या, उपाशी पडदा सारखा हाका मारतोय, आणि घाईने आलेल्या नव्या वाहिन्या कच्च्या असल्याने पाझरतात, फुटतात. पायाच्या जखमेत नेमकी हाक क्षीण आहे, आणि ओ देणाऱ्या पेशीही साखरेने थकल्यात. तुमची शंका म्हणूनच अगदी योग्य जागी आहे. पोटात घेतलेल्या अर्काला पाय कुठला आणि डोळा कुठला हे कळत नाही.

आता 'वाढवतो' हे ठरवतात कसं. बाळंतपणानंतर टाकून दिली जाणारी नाळ आईच्या परवानगीने घेतात. तिच्या शिरेत एन्झाइम सोडून अस्तरपेशी मोकळ्या करतात. १९७३ पासून ही पद्धत रुळली आहे. त्या पेशी ताटलीत वाढवायच्या, अर्क घालायचा, एक-दोन दिवसांनी मोजायचं. मोजायला बहुतेक ठिकाणी एमटीटी वापरतात: पिवळं रसायन, जिवंत पेशी ते जांभळं करतात, जांभळा जितका गडद तितक्या पेशी जास्त असं धरतात.

इथेच घात होतो. वनस्पतींतली पॉलिफेनॉल पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करू शकतात. एमएस्सीला असताना मी एका सालीच्या अर्कावर सहा महिने काम केलं. 'पेशी वाढल्या' म्हणून आम्ही आनंदात होतो. आमच्या मॅडमनी एक ताटली पेशी न टाकता, नुसता अर्क आणि रंग घालून करायला लावली. तीही तेवढीच जांभळी झाली. त्या दिवशी मी रडले होते. पण ती एक ताटली केली नसती तर आमचाही अर्क कुठल्यातरी बाटलीवर 'पेशी वाढवणारा' म्हणून छापून आला असता.

दुसरी फसगत विद्रावकाची. अर्क पाण्यात विरघळत नाही म्हणून डीएमएसओत विरघळवतात, आणि ते थोडं जास्त झालं तरी पेशींवर परिणाम करतं. नुसतं डीएमएसओ घातलेली ताटली शेजारी नसेल तर अर्काने केलं की डीएमएसओने, हे सांगता येत नाही. तिसरी फसगत जीवाणूंच्या कवचातल्या विषाची. पाला-मुळ्यांवर ते असतंच, आणि अस्तरपेशी त्याला फार चटकन प्रतिसाद देतात.

कामावर जायचं आहे. वनस्पतींचं संध्याकाळी.

ओपीडी_१४ | १७ फेब्रुवारी, दुपारी २:५०

पेट्रीडिश यांनी हाक आणि ओ छान समजावलं. मी मोठ्या धमन्यांकडे वळतो.

केशवाहिन्या वाढवायच्या गोष्टी आपण करतो तेव्हा वरून रक्त येतंय हे गृहीत धरलेलं असतं. उजनीची मोठी लाइन फुटली असेल तर गल्लीत कितीही नळ बसवा, पाणी येत नाही. मधुमेहात गुडघ्याखालच्या धमन्या अरुंद होतात. म्हणून आधी पायाची नाडी, मग घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर, मग डॉप्लर. साखर जुनी असेल तर धमन्या चुन्याने कडक होतात आणि घोट्यावरचा दाब खोटा चांगला येतो, अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. एक्स-रे हाडापर्यंत जंतुसंसर्ग गेला का ते बघायला.

आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट: ती जखम अंगठ्याखाली आहे. दिवसभरात बाबा जेवढी पावलं टाकतात तेवढ्या वेळा ती चिरडली जाते. संवेदना गेल्यामुळे दुखत नाही, म्हणून ते चालतात. रात्रीत तयार झालेली कोवळी वाहिनी सकाळी पहिल्या पावलाला तुटते. पायावरचा भार काढणं हाच इथला पहिला उपचार. त्यासाठी विशेष प्लास्टर किंवा बूट असतो. नुसती मऊ चप्पल पुरत नाही.

डोळ्याच्या इंजेक्शनचं विचारलंत. धीर झाला नाही म्हणालात, पण हा प्रश्न डॉक्टरांना विचारायलाच हवा. बेव्हासिझुमॅब कॅन्सरसाठी शिरेतून देतात तेव्हा जखमा भरायला खरोखर अडथळा येतो, म्हणून ऑपरेशनच्या आधी ते किमान २८ दिवस थांबवतात. पण तिथे मात्रा वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम. डोळ्यात देतात ते सव्वा मिलिग्रॅम. थोडं रक्तात उतरतं, पण फरक दोनशे पटींहून जास्त आहे. बाबांना नेमकं कोणतं औषध देतात ते फाइलमध्ये असेल. डोळ्यांच्या डॉक्टरांना जखमेचं सांगा, जखम बघणाऱ्यांना इंजेक्शनचं सांगा. आपल्या मनाने इंजेक्शन चुकवू नका, पडद्यावर रक्तस्राव झाला तर नजर जाते.

माळरान | १७ फेब्रुवारी, सायंकाळी ५:२०

मी सांगोल्याकडचा, डाळिंब करतो. भगवा वाण हाय साडेचार एकर. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. औंदा दोन जण येऊन गेले, म्हणले डाळिंबाच्या साली वाळवून द्या, अर्क काढायला पाहिजेत, कॅन्सरवर आणि रक्तवाहिन्यांवर चालतो. रस काढणाऱ्यांकडं सालीचे ढीग पडत्यात, आम्हाला चार पैसे मिळतील. पण ह्यात खरं किती? खोटं असंल तर मला माझ्या मालाचं नाव तिथं नको.

पेट्रीडिश | १७ फेब्रुवारी, रात्री ९:०५

माळरान दादा, तुमचा प्रश्न मनाला भिडला. आधी तुमचंच घेते.

डाळिंबाच्या बियांचं तेल आणि आंबवलेला रस यांनी ताटलीतल्या नाळेच्या पेशींची वाढ कमी होते, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालंय. सालीत भरपूर असलेल्या द्रव्यांपासून तयार होणारं एलाजिक आम्ल व्हीईजीएफ ज्या कुलुपात बसतं तेच कुलूप अडवतं, हे २००५ च्या आसपास दिसलं. म्हणजे डाळिंब बहुतेक थांबवणाऱ्यांच्या बाजूला आहे. पण हे ताटलीत. माणसाच्या पोटात गेल्यावर आतड्यातले जीवाणू त्याचं युरोलिथिन करतात, आणि कोणाच्या आतड्यात ते किती होईल हे माणसागणिक वेगळं. सालीची भुकटी गिळली म्हणजे एलाजिक आम्ल जसंच्या तसं रक्तात गेलं असं होत नाही.

हळदीचंही तेच. कर्क्युमिन अस्तरपेशींना थांबवतं हे १९९८ पासून माहीत आहे. पण ताटलीत १० ते २० मायक्रोमोलर घालतात, आणि माणसांना रोज ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं तेव्हा रक्तात सरासरी दोनच्याही आत सापडलं. ८ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे हळदीची पूड मोजायला गेलो तर पावशेराच्या आसपास जाईल. मिरीतल्या पायपरीनबरोबर दिलं तर शोषण २० पट वाढतं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, पण मग तेच पायपरीन बाबांच्या बाकी गोळ्यांचंही शोषण बदलू शकतं.

अश्वगंधेतलं विथाफेरिन ए हेही थांबवणारं, आणि ताटलीत फार कमी मात्रेत. मंडूकपर्णीतलं एशियाटिकोसाइड उलट जखमेत कोलॅजन आणि नव्या वाहिन्यांना मदत करतं, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत गिनिपिगवर ते काम झालंय, १९९९ मध्ये. कोरफडीतलं बीटा-सिटोस्टेरॉल कोंबडीच्या अंड्यातल्या पटलावर वाहिन्या वाढवतं.

आता ताईंच्या बाटलीकडे पुन्हा बघा. अश्वगंधा, हळद थांबवणाऱ्या. मंडूकपर्णी, कोरफड वाढवणाऱ्या. चारही एका बाटलीत, प्रमाण न लिहिता. हिचा एकूण कल कुठे आहे हे बनवणाऱ्यालाही माहीत असणं शक्य नाही.

'एकच वनस्पती वाढवते की थांबवते' याचं सर्वांत स्वच्छ उत्तर जिनसेंग या चिनी औषधी मुळाने दिलंय. २००४ मध्ये दिसून आलं की त्याच मुळातलं आरजी-१ नावाचं द्रव्य नवीन वाहिन्या वाढवतं आणि आरबी-१ थांबवतं. मूळ कुठलं, कधी काढलं, पाण्यात उकळलं की अल्कोहोलमध्ये भिजवलं, यावर दोघांचं प्रमाण बदलतं आणि त्याबरोबर अर्काचा स्वभावही. मला तरी वनस्पतींच्या कामातलं हे सगळ्यात सुंदर वाटतं. आणि 'अमुक वनस्पती' एवढ्यावर औषध देता येत नाही, ते ह्याचमुळे.

शेवंता | १७ फेब्रुवारी, रात्री ९:४४

माझ्या मावशी साखरेसाठी रोज सकाळी सदाफुलीची पानं चावून खायच्या आणि गोळ्या बंद केल्या होत्या. चार महिन्यांनी साखर साडेचारशेवर गेली, दवाखान्यात ठेवावं लागलं. तीपण रक्तवाहिन्यांशी संबंधित आहे का?

पेट्रीडिश | १७ फेब्रुवारी, रात्री १०:१०

आहे, आणि तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे. जमैकात सदाफुलीचा चहा साखरेसाठी पीत, म्हणून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी तिचा अर्क उंदरांना दिला. तोंडावाटे दिला तेव्हा साखरेवर काहीच परिणाम नाही. टोचून दिला तर उंदरांच्या पांढऱ्या पेशी कोसळल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हाती आलं, नंतर व्हिनक्रिस्टिन. आज लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर व्हिनक्रिस्टिन रोजच्या वापरात आहे. व्हिनब्लास्टिन अगदी कमी मात्रेत अस्तरपेशींना थांबवतं हेही पुढे कळलं. साखरेसाठी शोधायला गेले आणि पेशींचं विभाजन थांबवणारं औषध सापडलं. तेव्हा अंगणातली सदाफुली साखरेसाठी चघळणं थांबवा, मावशींनाही सांगा.

दशमूळ | १८ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

मी आयुर्वेद वैद्य, कुंभार वेशीत २२ वर्षं दवाखाना चालवते. सत्तरफुटी, तुमच्या आजींचा दगडीपाला खरा आहे. एकदांडी, कंबरमोडी म्हणतात तोच. रक्त थांबवायला तो आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. पण खुरपं लागलेला धडधाकट पाय आणि १५ वर्षांची साखर असलेला, संवेदना गेलेला पाय यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हे अंतर आमच्याच शास्त्राने सांगितलंय. सुश्रुताने मधुमेह्याचे व्रण कष्टाने बरे होणाऱ्यांत घातलेत. व्रणाचे ६० उपक्रम सांगितले, त्यात आधी शोधन, मग रोपण. मळलेल्या जखमेवर रोपणाची घाई करायची नाही. डॉक्टर जे मृत भाग काढून टाकणं, भार काढणं म्हणतात ते मला परकं वाटत नाही.

काठापदर, बाटलीवर मंडूकपर्णी लिहिलंय, पण आपल्याकडे बाजारात 'ब्राह्मी' म्हणून मंडूकपर्णीही मिळते आणि जलब्राह्मीही. दोन्ही अगदी वेगळ्या वनस्पती. मंडूकपर्णीचं पान गोलसर, मूत्रपिंडासारखं. जलब्राह्मीचं लहान, मांसल. वाळवून कुटल्यावर ओळखणं कठीण. गुळवेलीचंही तसंच आहे. करोनाच्या काळात मुंबईत गुळवेल घेतलेल्यांच्या यकृताला इजा झाल्याचे रुग्ण २०२१ मध्ये नोंदवले गेले, आणि आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की ती दुसऱ्या जातीची वेल असावी. वाद काहीही असो, आपल्या हातात आलेली काडी कुठल्या वेलीची हे ओळखता येत नसेल तर ती रुग्णाला देऊ नये, असं मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना सांगते.

मी अशा जखमांवर, रक्तपुरवठा बरा आहे आणि जंतुसंसर्ग नाही याची खात्री करून, बाहेरून जात्यादि तेल वापरते. त्यात जाईची पानं, कडुनिंब, हळद, मंजिष्ठा, ज्येष्ठमध आणि तुत्थ, म्हणजे मोरचूद असतं. बाहेरून लावलेलं औषध डोळ्याच्या पडद्याकडे जायला निघत नाही, हा त्यातला फायदा. पण तुमच्या बाबांना मी तेही डॉप्लर बघितल्याशिवाय लावणार नाही.

माळरान | १८ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

वैद्यताई, मोरचूद? डाळिंबाच्या तेल्या रोगावर आम्ही तेच मारतो की! एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. बोर्डो. पावसाळी बहाराला तर सारखं. सालीवर निळसर डाग राहत्यात. मग ते साली नेणारे त्या सालीचा अर्क काढणार, त्यात मोरचूद पण उतरणार की.

पेट्रीडिश | १८ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

दादा! हे वाचून मी चहा बाजूला ठेवला.

तांबं अस्तरपेशींना स्वतःच वाढायला लावतं. नाळेच्याच पेशींवर १९९८ मध्ये ते दाखवलं गेलं. शरीरातलं तांबं कमी करून गाठीच्या वाहिन्या रोखायचे प्रयत्न माणसांवर झालेत. म्हणजे एखाद्याने बाजारातली फवारलेली साल आणली, धुतली न धुतली, अर्क काढला, ताटलीत घातला आणि पेशी वाढल्या, तर ते डाळिंबाने केलं की तुमच्या बोर्डोने? आणि जास्त तांबं गेलं तर पेशी मरतील, मग तो म्हणेल डाळिंबाने थांबवल्या. एलाजिक आम्ल एका बाजूला ओढणार, तांबं मात्रेप्रमाणे कधी इकडे कधी तिकडे. सालीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने आधी तांबं मोजायला पाहिजे. मी माझ्या वहीत हे लिहून ठेवलं. सहा महिने सालीवर काम करूनही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कारण फवारणी कशी करतात ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

सत्तरफुटी | १८ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

दशमूळ ताई, पटलं. अपाय नसतो असं सरसकट बोलायला नको होतं. एक विचारतो, रागावू नका. मग वनस्पतींपासून अशा पायाला उपयोगी पडेल असं काही निघालंच नाही का? की सगळं ताटलीतच?

पेट्रीडिश | १८ फेब्रुवारी, रात्री ९:२०

रागावायचं काय त्यात, मीही हेच विचारत आले आहे. निघालंय.

तैवानमध्ये मधुमेही पायाच्या जखमेसाठी एक मलम २०२१ मध्ये मंजूर झालं. त्यात दोन वनस्पतींचे शुद्ध केलेले अंश आहेत. एक मंडूकपर्णी. दुसरी पानओवा. होय, आपल्या कुंडीतला, ज्याच्या जाड पानांची भजी करतात तो. २३६ रुग्णांवर चाचणी झाली, अमेरिका, चीन आणि तैवानमध्ये. १६ आठवड्यांत मलमाच्या गटात ६०.७ टक्के जखमा पूर्ण भरल्या, साध्या शोषक ड्रेसिंगच्या गटात ३५.१ टक्के. ते अस्तरपेशींना थेट ढकलत नाही. जखमेत दाह धरून बसलेल्या भक्षक पेशींचा स्वभाव बदलतं, मग त्या पेशी दुरुस्तीच्या कामाला लागतात आणि वाहिन्या त्यांच्यामागून येतात. बाहेरून लावायचं, ठरलेली मात्रा, निर्जंतुक. पानओव्याची पानं वाटून जखमेवर थापणं म्हणजे ते मलम नव्हे, पानावर माती असते, जंतू असतात.

मला ह्या बातमीने काय वाटलं ते सांगते. माझ्या आईच्या गॅलरीत ती दोन्ही रोपं एकाच कुंडीत आहेत.

ओपीडी_१४ | १८ फेब्रुवारी, रात्री १०:००

याला जोडून एक. वाढ करणारी गोष्ट बाहेरून लावतानाही जपून. १९९७ मध्ये अमेरिकेत मधुमेही पायासाठी वाढीचा घटक असलेलं बेकाप्लर्मिन जेल आलं. २००८ मध्ये त्यावर ठळक इशारा छापावा लागला, तीन किंवा त्याहून जास्त ट्यूब वापरलेल्यांत कॅन्सरने मृत्यू जास्त दिसल्यामुळे. पुढची माहिती बघून २०१८ मध्ये तो इशारा काढला. म्हणजे मंजूर झाल्यावरही २१ वर्षं लोक त्याच्याकडे बघत राहिले. त्या बाटलीमागे कोण बघत बसलंय?

काठापदर | २१ फेब्रुवारी, रात्री ८:३५

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू. काल बाबांना घेऊन गेले. नाडी हाताला लागली, पण मंद. डॉप्लरमध्ये गुडघ्याखाली एक धमनी अरुंद, दोन बऱ्या आहेत. हाडाला काही नाही. डॉक्टरांनी जखमेच्या कडेची जाड झालेली कातडी काढली आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. आठवड्याने बदलायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुढचं इंजेक्शन ठरलेल्या तारखेलाच.

काकांना बाटली परत दिली. ते दुखावले. त्यांनी पदरचे ८०० रुपये घातले होते. मी त्यांना बसवून हा धागा वाचून दाखवला, पेशी नसलेली ताटली जांभळी झाली तिथपर्यंत. मग त्यांनीच हात केला आणि म्हणाले, पुढचं वाच.

बाबा गप्प आहेत. प्लास्टर बघून फक्त विचारलं, पुढच्या गड्ड्याला पायात काय घालायचं.

दशमूळ | २१ फेब्रुवारी, रात्री ९:१०

त्यांना सांगा, पायात पादत्राण घालून चाललं तरी सिद्धरामेश्वर रागावत नाही. आणि रोज रात्री दुसऱ्या पायाचा तळवा आरशात बघायला शिकवा. एक पाय बरा करताना दुसऱ्याकडे दुर्लक्ष होतं, हे मी फार वेळा पाहिलंय.

काठापदर | ७ मार्च, सायंकाळी ७:०५

धागा वर काढते. दोन प्लास्टरं झाली. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी जखम २.४ बाय २.१ सेंटीमीटर लिहिली होती, आज १.७ बाय १.४. तळाशी लालबुंद दाणेदार थर आलाय. डॉक्टर म्हणाले, ह्या दाण्यांत नव्या केशवाहिन्या असतात, म्हणून लाल. मी बराच वेळ बघत बसले.

माळरान | ७ मार्च, रात्री ८:२०

बरं वाटलं वाचून, ताई.

पेट्रीडिश ताई, साली वाळवून ठेवल्यात. तीन पिशव्या. एक बोर्डो मारलेल्या झाडांची, तशीच. एक त्याच झाडांची, पण तीन पाण्यानं धुतलेली. आणि बांधाला दोन झाडं हायत, त्यांच्यावर कधीच काही मारलं नाही, त्यांची एक. सावलीत वाळवल्यात, उन्हात नाही. प्रत्येकीवर तारीख घातली. केगावच्या डाळिंब केंद्रात तांबं मोजून मिळतं का तेही विचारतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पेट्रीडिश | ७ मार्च, रात्री ८:३१

व्यनि केलाय. दादा, पिशव्यांवर कुठली कुठली ते नका लिहू. नुसतं १, २, ३ लिहा आणि यादी तुमच्याकडेच ठेवा. मोजून झालं की मी इथे आकडे टाकते, मग तुम्ही सांगा कुठली कुठली होती.